करवतकाठी बटवा: पेयोटी विणीने मण्यांची छोटी पिशवी

या बटव्याचं निम्मं काम सुई हातात घेण्याआधीच होतं, मणी निवडताना. माझं रोजचं काम मंगळसूत्रं ओवण्याचं. नाशिकच्या सराफ बाजारातून वाट्या आणि काळी पोत घरी येते, मी ओवून परत देते. सरात एखादा मणी जाड निघाला तरी खपून जातो, कारण सर मोकळा लोंबतो. विणीत प्रत्येक मणी शेजारच्या सहा मण्यांमध्ये अडकून बसलेला असतो. एक जाड निघाला की त्याच्या वरची सगळी रेघ सरकते, आणि आपल्याला तर बटव्यावर करवतीचे धारदार दात हवे आहेत. म्हणून शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सुई देतच नाही. ताट देते.

"काकू, सगळे सारखेच तर दिसतात," असं प्रत्येक जण म्हणते. ताटात दिसतात सारखे. सुईवर वीस मणी ओवा आणि पट्टीला लावा, दुसरे वीस ओवा, पुन्हा लावा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तर काय होईल ते लगेच कळतं.

आपण करणार तो बटवा सव्वापाच सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच आहे, वर टोकदार झाकण. नथ, कुड्या, एखादं चांदीचं नाणं एवढं त्यात आरामात मावतं. मी रुखवतासाठी असे बटवे करते. रुखवत आवरल्यावर मुलगी तो रोज वापरू शकते, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

मणी दोन प्रकारचे मिळतात. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातली मियुकी कंपनी डेलिका नावाचे मणी काढते. ते नळीच्या तुकड्यासारखे सरळ कापलेले असतात, भोक मोठं, भिंत पातळ. अकरा नंबरचा डेलिका मणी १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो, आणि एका ग्रॅममध्ये साधारण २०० मणी येतात. भौमितिक नक्षीसाठी याच्यासारखा मणी नाही, पण तो साध्या मण्याच्या कितीतरी पट महाग पडतो आणि बहुतेक वेळा मागवावाच लागतो. दुसरा प्रकार म्हणजे आपला नेहमीचा गोल काचमणी, मेन रोडच्या आतल्या गल्ल्यांत पुड्यांनी मिळतो तो. देशी काचमणी उत्तर प्रदेशातून येतात, पुर्दिलनगर आणि वाराणसी ही त्यांची जुनी ठिकाणं. गोल मण्यांचा बटवा थोडा मोठा होतो आणि दातांच्या कडा जरा मऊ दिसतात. माझं मत विचाराल तर पहिला बटवा निवडलेल्या गोल मण्यांचाच करा. हात बसला की डेलिकाचे पैसे वसूल होतात.

पुढचे सगळे आकडे डेलिकाचे आहेत. बटव्याला पावणेचार हजारांच्या आसपास मणी लागतात, म्हणजे एकोणीस ग्रॅम. हळदी रंगाचे २० ग्रॅम आणि आमसुली रंगाचे ५ ग्रॅम घ्या. निवडीत जातात ते धरून पुरतात. गोल मणी असतील तर एका ग्रॅमला शंभर-एकशेदहाच बसतात आणि निवडीत जास्त बाद होतात, म्हणून वजन दुपटीहून थोडं जास्त धरा. रंग तुमच्या आवडीचे घ्या, पण पहिल्यांदा काळा नको. काळ्या मण्यात भोकही दिसत नाही आणि दोराही. सोनेरी मुलामा दिलेला किंवा वरून रंगवलेला मणी घेण्याआधी चार मणी घरी आणून नेलपॉलिश काढायच्या द्रावणात भिजलेल्या कापसावर चोळा. कापूस रंगला तर तो मणी घामानेही उतरणार.

आता निवड. स्टीलच्या ताटात मखमलीचा किंवा जुन्या शालीचा तुकडा अंथरा, म्हणजे मणी पळत नाहीत. त्यावर चमचाभर मणी पसरा. तिरके कापलेले, अर्धवट भोकाचे, दोन जोडलेले आधी बाजूला काढा. मग सुईच्या टोकाने उचलत जा. सुई जिथे अडते तो मणी नको. त्यातून दोरा दोनदा-तीनदा जायचा असतो. उरलेल्यांचे तीन ढीग करा: बारीक, मध्यम, जाड. मध्यम ढीग बटव्याला. बारीक आणि जाड फेकू नका, झाकणाच्या फासाला आणि कडेला ते कामी येतात. हे काम सकाळी गॅलरीतल्या उजेडात करा, दिव्याखाली मण्याची जाडी नीट समजत नाही.

दोऱ्याबद्दल माझा आग्रह आहे. बाजारात मण्यांचं काम म्हटलं की हातात तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध तार, देतात. तोरणाला, मोत्याच्या नारळाला तंगूस ठीक. बटव्याला नको. तो ताठ असतो, प्रत्येक वळणावर उलटा उसळी मारतो, आणि काही वर्षांनी कडक होऊन तुटतो. विणलेला पातळ नायलॉन दोरा किंवा मासेमारीची विणलेली बारीक दोरी घ्या, रंग हळदीच्या जवळचा. शिवणाचा सुती दोरा काचेच्या कडेवर झिजतो. दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्या आणि जास्तीचं मेण दोन बोटांत धरून पुसून टाका. मेणाने दोरा मण्यात घट्ट बसतो आणि ओढ सुटत नाही. सुई मण्याची, दहा किंवा बारा नंबरची. नंबर मोठा तितकी सुई बारीक.

एका वेळी एक वाव दोरा घ्या, दोन्ही हात पसरून छातीवरून मोजता येतो तेवढा. त्यात सव्वीस-सत्तावीस ओळी होतात. याहून लांब घेतला तर गुंता होतो.

ही वीण जगभर पेयोटी म्हणून ओळखली जाते. उत्तर अमेरिकेतले आदिवासी आपल्या धर्मविधीतल्या वस्तूंच्या मुठी या टाक्याने मढवत आले, त्यावरून हे नाव. आपल्याकडे नारळावर किंवा कलशावर जी मण्यांची जाळी असते तिच्यात भोकं राहतात. पेयोटीत भोकं राहत नाहीत, मणी विटांसारखे एकाआड एक बसतात आणि अखंड कापड तयार होतं. तंत्र एका वाक्यात सांगता येतं: एक मणी घ्या, एक मणी सोडा, त्याच्या पुढच्या मण्यातून सुई काढा. पण पहिल्या तीन ओळी हाताला कळेपर्यंत धीर धरावा लागतो.

सुरुवातीला दोऱ्यात एक वेगळ्या रंगाचा मणी घालून त्याच्यातून सुई पुन्हा फिरवा. तो मणी बाकीच्यांना अडवून धरतो, शेवटी काढून टाकायचा. मागे एक वीत दोरा ठेवा. आता ४० मणी ओवा, एक हळदी एक आमसुली असे आलटून-पालटून. हीच पहिली आणि दुसरी ओळ एकत्र आहे. तिसऱ्या ओळीसाठी एक हळदी मणी घ्या, शेवटचा ओवलेला मणी सोडा आणि त्याच्या आधीच्या मण्यातून सुई उलट्या दिशेने काढा. दोरा ओढा, नवा मणी सोडलेल्या मण्याच्या डोक्यावर बसला पाहिजे. पुन्हा एक घ्या, एक सोडा, पुढच्यातून काढा. दोन रंग आलटून-पालटून घेतले असल्यामुळे कुठला सोडायचा ते चुकत नाही: सुई दर वेळी एकाच रंगाच्या मण्यातून जाते. ओळ संपली की नवे २० मणी बसलेले दिसतील.

या ओळीनंतर पट्टी पिळवटते, साखळीसारखी फिरते. ती टेबलावर ठेवून नखाने एक मणी वर, एक खाली असे ढकलत जा आणि मागचा दोरा ओढून घट्ट करा. मण्यांमध्ये दातेरी खाचा दिसू लागतात. चौथ्या ओळीपासून प्रत्येक नवा मणी एका खाचेत बसतो आणि सुई वर आलेल्या मण्यातून जाते. आता काम डोळ्यांना दिसतं.

वळताना दोरा मण्यातून बाहेर पडला की थांबा, डाव्या हाताच्या अंगठ्याने वीण दाबून धरा आणि मग दोरा ओढा. प्रत्येक मण्याला ओढायचं, ओळीच्या शेवटी एकदम ओढायचं नाही. ओढ किती? पट्टी आडवी धरली तर ती झुकावी, पण मण्यांमधून दोरा दिसू नये. फार आवळली तर बटवा पुठ्ठ्यासारखा होतो आणि तळाशी दुमडताना काच काचेवर घासून दोरा कापला जातो.

दोरा संपायला वीतभर उरला की नवा घ्या. नवा दोरा पाच-सहा ओळी खालून तिरका आत घाला, दोनदा दिशा बदलत वर आणा, आणि जुना दोरा जिथून बाहेर आलाय त्याच मण्यातून बाहेर काढा. जुनं टोकही तसंच तिरकं आत नेऊन संपवा. मण्याच्या तोंडाशी गाठ मारू नका. पुढे सुई जाणार असते आणि गाठ मण्यात अडकली की मणी फुटतो. टोक कात्रीने कापल्यावर कुसळ राहतं, ते अगरबत्तीच्या टोकाने हलकेच बसवा, मण्याला न लागू देता.

ओळी मोजायला सोपी खूण आहे. एका कडेचे मणी मोजा आणि दुप्पट करा. आपल्याला अंगाच्या, म्हणजे झाकण सोडून बाकी बटव्याच्या, १५० ओळी हव्यात, म्हणजे कडेला ७५ मणी. मी दर दहाव्या मण्याच्या फासात लाल सुती धागा अडकवते, शेवटी ओढून काढते.

आता करवत. करवतकाठी लुगड्याच्या काठावर जसे दात असतात तसे इथे सहज निघतात, कारण पेयोटीत दर ओळीला मणी अर्ध्याने सरकतोच. पाच मणी, वर चार, वर तीन, दोन, एक, झाला दात. फक्त साध्या चौकटीच्या वहीवर नक्षी काढू नका. आपला एक उभा रकाना १.३ मिलिमीटरचा आणि एक ओळ ०.८ मिलिमीटरची, तिरकी रेघ तीस अंशांच्या आसपास झुकलेली. वहीवर उंच दिसणारा दात विणीत बसका येतो. पाच मण्यांचा दात १३ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच होतो, आणि त्याच बसक्या आकारात त्याची शोभा आहे.

सुरुवातीला ओवलेल्या ४० मण्यांचे ४० रकाने होतात, त्यांत असे चार दात बरोबर बसतात. ह म्हणजे हळदी, आ म्हणजे आमसुली. ओळ कुठल्याही बाजूने सुरू झाली तरी क्रम हाच राहतो.

पहिली ओळ: २० आ.
दुसरी: १ ह, ४ आ, असं चार वेळा.
तिसरी: १ ह, ३ आ, २ ह, ३ आ, २ ह, ३ आ, २ ह, ३ आ, १ ह.
चौथी: २ ह, २ आ, ३ ह, २ आ, ३ ह, २ आ, ३ ह, २ आ, १ ह.
पाचवी: २ ह, १ आ, ४ ह, १ आ, ४ ह, १ आ, ४ ह, १ आ, २ ह.

पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली आणि मग उलट दुसरीपासून पाचवीपर्यंत असं विणलं तर नऊ ओळींत चार शंकरपाळी तयार होतात. अंगावर मी शंकरपाळीच घालते, आणि त्याला कारण आहे. पट्टी मधोमध दुमडायची असते. पुढच्या भागावर ओळी तोंडाकडून तळाकडे उतरतात, मागच्या भागावर तळाकडून वर चढतात. एकच दात दोन्हीकडे विणला तर पुढे तो खाली टोक करतो आणि मागे वर. शंकरपाळीला वर-खाली नसतं.

पुढच्या भागावर ६० ते ६८ या ओळींत एक पट्टा घ्या आणि मागे ८३ ते ९१ मध्ये दुसरा. दुमडल्यावर दोन्ही एकाच उंचीवर येतात. याच्या वर घेतला तर झाकणाखाली झाकला जाईल. बाकी सगळं हळदी.

अंगाच्या १५० ओळी झाल्या की न थांबता झाकण. आणखी २४ ओळी पूर्ण रुंदीच्या विणायच्या, त्यात १६५ ते १६९ मध्ये दातांच्या पाच ओळी. झाकण पुढे वळल्यावर हे दात खाली टोक करतात, तसेच हवेत. त्यानंतर टोक: १९ मणी, मग १८, मग १७, असं करत एकावर यायचं, सगळे आमसुली. झाकणाचं टोक म्हणजे अख्ख्या रुंदीचा एक दात. कमी करताना ओळीच्या शेवटी नवा मणी घ्यायचा नाही. कडेच्या मण्यातून दोरा बाहेर आला की शेजारी दिसणाऱ्या दोऱ्याच्या फासाखालून सुई काढायची, त्याच मण्यातून परत आत यायचं, मग नुकत्या घातलेल्या मण्यातून वर, आणि तिथून पुढची ओळ सुरू. हे वळण पहिल्या दोन वेळा अवघड वाटतं. दोन्ही कडा पाहत जा. एकीकडे पायरी मोठी आणि दुसरीकडे छोटी दिसली तर दोन ओळी उसवून घ्या.

मध्येच रंग चुकलेला दिसला आणि पंधरा ओळी पुढे गेला असाल तर उसवू नका, मणी फोडा. चुकलेल्या मण्याच्या भोकात जाड सुई घाला आणि चिमट्याने मणी चिमटा. सुई आत असल्यामुळे फुटकी काच दोऱ्यावर येत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हात कापडाखाली. रिकाम्या जागी नवा मणी दुसऱ्या दोऱ्याने बसवता येतो.

बाजू शिवण्यासाठी अंग मधोमध दुमडा. कडेच्या ७५ मण्यांपैकी ३८ वा मणी अगदी तळाला येतो. कडेच्या दोन मण्यांमध्ये दोऱ्याचा एक-एक फास दिसतो. पुढे ३७ फास, मागे ३७ फास. आधी तोंडाशी पुढचा पहिला आणि मागचा शेवटचा फास कच्च्या दोऱ्याने बांधून घ्या, म्हणजे तोंड वर-खाली होणार नाही. मग तळापासून सुरू करा. पहिल्यांदा दोन आमसुली मणी घ्या, सुई पुढच्या आणि मागच्या समोरासमोरच्या फासांखालून एकदम काढा आणि दुसऱ्या मण्यातून बाहेरच्या दिशेने परत या. त्यापुढे एक-एक मणी घेत हेच. मण्याची जाडी आणि फासांमधलं अंतर दोन्ही १.६ मिलिमीटर असल्यामुळे कड सपाट बसते आणि बटव्याला दोन्हीकडे आमसुली गोट मिळतो. तोंडाच्या खाचांतही एक-एक मणी भरून घ्या.

अस्तर लावल्याशिवाय नथ आत ठेवू नका. मोत्याचा वरचा थर नाजूक असतो, काचेवर घासून त्याचं पाणी जातं. जुन्या रेशमी ब्लाउजपीसचा तुकडा चांगला. अस्तराची पिशवी बटव्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान शिवा, नाहीतर आत गोळा होते. ती उलटी आत सरकवून तोंडाशी मण्यांमधल्या दोऱ्याला बारीक टाक्यांनी जोडा.

बंद करायला टिचबटण सोपं, पण ते उघडताना वीण ओढली जाते. मी फास आणि मोती लावते. झाकणाच्या शेवटच्या मण्यातून दोरा काढा, २२ ते २४ बारीक मणी ओवा आणि त्याच मण्याच्या दुसऱ्या बाजूने आत या. फासातून दोरा तीनदा फिरवा. बटव्यातला सगळ्यात जास्त ओढला जाणारा भाग हाच. आता झाकण पुढे वळवा, फास जिथे पोचतो तिथे खूण करा आणि ८ मिलिमीटरचा मोती बसवा. मोत्याच्या वर एक बारीक मणी घेऊन सुई मोत्यातूनच परत खाली न्या, म्हणजे मोती निसटत नाही. हा मोती अस्तर लावण्याआधी शिवून घेतला तर आतले टाके झाकले जातात.

बटवा साबणात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. मोबाईलसाठी वगैरे मोठा हवा असेल तर रकाने दहाच्या पटीत वाढवा: ५०, ६०, ७०. दर दहा रकान्यांना एक दात वाढतो आणि वरच्या पाच ओळींचा क्रम मध्ये एकदा जास्त विणला की झालं. झाकणाच्या टोकाची सुरुवात मात्र बदलते: रकान्यांच्या निम्म्यातून एक वजा करायचा. ५० रकान्यांना २४ मणी, ६० ना २९.